आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग आणि दवाखान्याच्या तपासणी विभागावर येणारा भार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यातले दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, शिबिरं भरवणारी मंडळं आणि शिबिरातून हातात ‘पॉझिटिव्ह’चा कागद घेऊन आलेले लोक, या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं दवाखान्यासाठी आहेत, काही रुग्णासाठी. ज्याला जे लागेल ते त्याने वाचावं.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग, म्हणजे काही त्रास नसलेल्या लोकांची तपासणी, आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात आहे का?

नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 30 वर्षांपुढच्या लोकांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. मोठं आतडं त्यात नाही आणि त्याला कारण आहे. भारतात या कॅन्सरचं प्रमाण वयाचा हिशेब जुळवून लाखामागे दहाच्या आत आहे, पाश्चात्त्य देशांत ते याच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे आपल्याकडे जे होतं ते खासगी हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधून किंवा एखाद्या संस्थेच्या शिबिरातून होतं. अडचणही इथूनच सुरू होते. शौचाचा नमुना घ्यायचं किट वाटणारा एक असतो, पॉझिटिव्ह आलेल्याच्या आतड्यात दुर्बीण घालणारा, म्हणजे कोलोनोस्कोपी करणारा, दुसराच, आणि दोघांची आधी गाठच पडलेली नसते.

फिट (FIT) तपासणी आणि लॅबमधली नेहमीची ‘ऑकल्ट ब्लड’ तपासणी एकच का?

दोन्ही शौचातलं डोळ्याला न दिसणारं रक्त शोधतात, पण रीत वेगळी. जुनी रासायनिक तपासणी हीमवर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या लोह असलेल्या भागावर, रंग देते. मटण, काही कच्च्या भाज्या, व्हिटॅमिन सी यांनी ती फसते आणि जठरातल्या अल्सरच्या रक्तालाही पॉझिटिव्ह येते. फिट तपासणी माणसाच्या हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिन या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी वापरते. त्यामुळे पथ्य लागत नाही. वरच्या भागातून आलेल्या रक्तातलं ग्लोबिन वाटेतच पचून जातं, म्हणून ती मुख्यतः मोठ्या आतड्याबद्दल बोलते. स्क्रीनिंगसाठी फिटच वापरा. लॅबला ‘ऑकल्ट ब्लड’ एवढंच लिहून पाठवलं तर यातली कुठलीही होऊ शकते, म्हणून चिठ्ठीवर पद्धतीचं नाव लिहा.

आमच्याकडे कार्ड टेस्ट आहे. दोन रेघा आल्या की पॉझिटिव्ह. एवढ्यावर शिबिर करता येईल का?

करता येतं, पण मग नळाची चावी तुमच्या हातात राहत नाही. कार्डचा कट-ऑफ, म्हणजे किती रक्तापासून पुढे पॉझिटिव्ह म्हणायचं ती सीमा, कंपनीने ठरवलेली असते, ती बदलता येत नाही. मशीनवरची फिट तपासणी आकडा देते आणि त्या आकड्यावर किती जणांना दुर्बिणीसाठी बोलवायचं हे ठरवता येतं.

आकड्याचं एकक मात्र नीट बघा. काही रिपोर्ट मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम देतात, काही ग्रॅममागे मायक्रोग्रॅम. बाटलीत 10 मिलिग्रॅम शौच 2 मिलिलिटर द्रवात जात असेल तर 100 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे 20 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. दुसऱ्या कंपनीच्या बाटलीत द्रव आणि नमुना यांचं माप वेगळं असतं, तिथे हा गुणाकार चालत नाही. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवायचे असतील तर ग्रॅममागे मायक्रोग्रॅममध्ये आणूनच ठेवा.

आणि शौचात डोळ्याला रक्त दिसत असेल तर कार्ड वापरूच नका. रक्त फार असलं की अँटिबॉडीची गल्लत होऊन रेघ फिकी येते, कधी येतच नाही. अशा माणसाला स्क्रीनिंगची गरज नाही, त्याला थेट तपासणीची गरज आहे.

कट-ऑफ किती ठेवावा?

ज्याला त्याला ‘जगात काय चालतं’ ते हवं असतं, आणि जगात एक आकडा नाही. अमेरिकेत 20 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम प्रचलित आहे. इंग्लंडने 2019 मध्ये जुनी रासायनिक तपासणी सोडून फिट घेतली तेव्हा कट-ऑफ 120 ठेवला, स्कॉटलंडने 80. हा फरक रोगाचा नाही. कोलोनोस्कोपी करणारे हात किती आहेत, त्याचा आहे.

नेदरलँड्सचं उदाहरण दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. 2014 मध्ये त्यांनी देशभर कार्यक्रम सुरू केला, कट-ऑफ 15. पॉझिटिव्हचं प्रमाण अपेक्षेपेक्षा बरंच जास्त निघालं, कोलोनोस्कोपीच्या रांगा वाढल्या आणि त्याच वर्षाच्या मध्यावर कट-ऑफ 47 वर न्यावा लागला. सगळी तयारी करून उतरलेल्या देशाची ही गत. पण आकडा मिळत होता म्हणून त्यांना तो हलवता आला. कार्डवर हे जमलं नसतं.

म्हणून आमचं मत असं: आधी तुमच्या भागीदार दवाखान्यात महिन्याला किती जादा कोलोनोस्कोपी होऊ शकतात ते लेखी घ्या, मग कट-ऑफ आणि किटची संख्या ठरवा. उलट्या क्रमाने केलं की कागद वाटले जातात आणि माणसं लटकतात.

हजार किटचं शिबिर घेतलं तर किती काम वाढेल?

समजा 50 ते 74 वयाच्या 1000 जणांना किट दिले आणि 600 परत आले. कट-ऑफ असा की 6 टक्के पॉझिटिव्ह, म्हणजे 36 जण. त्यातले 80 टक्के दुर्बिणीला आले तर साधारण 29 कोलोनोस्कोपी. एका डॉक्टरच्या चार तासांच्या सत्रात पाच धरल्या तर सहा सत्रं. आठवड्याला कोलोनोस्कोपीचं एकच सत्र असलेल्या दवाखान्यात हा दीड महिना झाला, आणि त्या दीड महिन्यात नेहमीच्या एकाही रुग्णाला जागा नाही.

आता कट-ऑफ खाली आणला आणि 12 टक्के पॉझिटिव्ह आले असं धरा. 72 पॉझिटिव्ह, 58 कोलोनोस्कोपी, 12 सत्रं. तीन महिने.

हे आकडे गृहीत आहेत, तुमचे तुम्ही घाला. पहिल्या फेरीत पॉझिटिव्ह जास्त निघतात हे मात्र धरूनच चला, कारण वर्षानुवर्षं साठलेले पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढणारे कोंब, यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो) त्याच फेरीत सापडतात. आणि मिरजेच्या दवाखान्यांनी हिशेब फक्त सांगली जिल्ह्याचा करू नये. बेळगाव, विजापूरकडचे रुग्ण वर्षानुवर्षं मिरजेलाच येतात, रांगेत तेही असतात.

एका सत्रात पाचच का? दुर्बीण तर वीस मिनिटांत होते.

ओपीडीतून आलेल्या साध्या रुग्णाची होतही असेल. फिट पॉझिटिव्ह आलेल्यांत पॉलिप जास्त सापडतात, ते तिथेच काढावे लागतात, म्हणून पाऊण तास धरावा. दुर्बीण टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत, शंभरात किमान नव्वद जणांत पोचलीच पाहिजे. स्क्रीनिंगमध्ये 95 ची अपेक्षा असते. बाहेर काढताना किमान 6 मिनिटं बघत यायचं, अमेरिकेतली नवी शिफारस 8 मिनिटांची आहे. यादी लांबली की पहिली कात्री याच मिनिटांना लागते, आणि मग पॉलिप निसटतात.

खरी अडचण बहुतेक ठिकाणी डॉक्टरची नसतेच, स्कोप, म्हणजे दुर्बिणीची नळी, धुण्याची असते. एक स्कोप रुग्णातून बाहेर आल्यापासून पुन्हा वापरायला तयार होईपर्यंतचा क्रम असा:

- टेबलापाशीच बाहेरून पुसणं आणि डिटर्जंटचं पाणी चॅनलमधून (स्कोपच्या आतल्या बारीक नळ्यांमधून) ओढून घेणं. हे दहा मिनिटं राहिलं तरी आतला मळ वाळायला लागतो.
- लीक टेस्ट. ती चुकवून भोक असलेला स्कोप पाण्यात बुडवला की दुरुस्तीचा खर्च लाखांत जातो.
- प्रत्येक चॅनल ब्रशने घासणं, ब्रश स्वच्छ बाहेर येईपर्यंत. सगळ्यात जास्त टाळाटाळ इथे होते.
- निर्जंतुक द्रावण: 2 टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये 20 मिनिटं, 0.55 टक्के ओपीए (ऑर्थो-थॅलाल्डिहाइड) असेल तर हाताने बुडवताना बहुधा 12 मिनिटं, कंपनीचा कागद बघून. द्रावणाची ताकद रोज पट्टीने तपासायची. तारीख उलटली नाही म्हणून द्रावण चांगलं असं नसतं.
- गाळलेल्या पाण्याने धुणं, अल्कोहोल सोडणं, हवेने वाळवणं, उभा टांगणं.

सगळं नीट केलं तर जवळपास तास जातो. म्हणजे एका स्कोपवर चार तासांत फार तर तीन रुग्ण. पाच रुग्णांसाठी दोन कोलोनोस्कोप चालू स्थितीत हवेत, तिसरा हाताशी असावा, कारण एखादा दुरुस्तीला गेलेला असतोच. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने वॉशर मशीनचे फिल्टर लवकर बसतात. पाणी आरओचं घ्या आणि फिल्टर बदलल्याची तारीख मशीनवरच चिकटवा.

फक्त तपासणीची सोय आहे, पॉलिप काढायची नाही. तरी शिबिराची दुर्बीण आम्ही करू का?

करू नये. पॉलिप दिसला की रुग्णाला पुन्हा सगळं औषध पिऊन दुसरीकडे जावं लागतं, म्हणजे एका माणसापायी दोन जागा गेल्या. खोलीत स्नेअर (पॉलिप कापायचा तारेचा फास), डायथर्मी (विजेने कापून रक्त थांबवायचं यंत्र), क्लिप, ॲड्रेनालिन, सलाइन आणि आवाक्यात सर्जन असेल तरच यादी लावा. आतड्याला भोक पडणं हजारात एकापेक्षा कमी वेळा घडतं, पण घडलं तर रात्री कोणाला फोन करायचा हे आधी ठरलेलं हवं.

लक्षणं असलेला रुग्ण आधी की शिबिरातला?

लक्षणं असलेला. यात दुमत नसावं. शौचावाटे रक्त, वजन घटणं, रक्त कमी होणं, शौचाची सवय बदलणं, पोटात गाठ, या रुग्णांत कॅन्सर निघण्याची शक्यता शिबिरातल्या धडधाकट माणसापेक्षा जास्त असते. पण प्रत्यक्षात शिबिराची यादी एकगठ्ठा येते, तिच्यामागे संस्था असते, बॅनरवर फोटो असतात, आणि जतहून एकटा आलेला माणूस मागे सरकतो. उपाय साधा आहे: दोन वेगळ्या याद्या, वेगळी सत्रं, आणि लक्षणांच्या रुग्णांसाठी आठवड्याला काही जागा राखून. त्या जागा आदल्या दिवशी दुपारपर्यंत रिकाम्या राहिल्या तरच शिबिरातल्याला द्यायच्या.

ब्रिटनमध्ये लक्षणांच्या रुग्णांचीही फिट करून 10 मायक्रोग्रॅमपासून पुढच्यांना तातडीने बोलावतात, म्हणजे तीच तपासणी रांग लावायला वापरतात. आपल्याकडे आमांश, जंत आणि मूळव्याध यांनी पॉझिटिव्ह येणारे बरेच निघतील, म्हणून ती पद्धत जशीच्या तशी उचलू नये.

पॉझिटिव्ह आल्यावर किती दिवसांत दुर्बीण व्हायला हवी?

एक-दोन महिन्यांत व्हावी. दोन-चार आठवडे पुढे-मागे झाल्याने आभाळ कोसळत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दहा महिन्यांपलीकडे उशीर झालेल्यांत कॅन्सरचं आणि पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणून ‘ऊसतोड संपली की येतो’ म्हणणाऱ्याला मार्चची तारीख आणि वेळ आत्ताच लिहून द्या. ‘या सवडीने’ म्हणालात तर तो येणार नाही.

नमुना कसा घ्यायचा? घरी भारतीय संडास आहे.

भांड्यातल्या पाण्यात पडायच्या आधी नमुना मिळायला हवा. भांड्यावर जुना पेपर किंवा प्लास्टिक पसरा, किंवा टाकाऊ डबा वापरा. किटच्या काडीने शौचाच्या पृष्ठभागावर पाच-सहा ठिकाणी खरवडायचं, फक्त काडीच्या खाचा भरतील एवढंच. गोळाभर घेऊ नका, जास्त नमुन्याने आकडा खोटा वाढतो. काडी आत घालून झाकण बंद, हलवायचं, नाव आणि तारीख लिहायची. पाळी चालू असेल किंवा लघवीत रक्त असेल तर थांबून मग घ्या.

ग्लोबिन उष्णतेने मोडतं, आणि मग रक्त असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. एप्रिल-मे महिन्यात माण, खटाव, आटपाडीत पारा चाळिशीवर असताना नमुना मोटरसायकलच्या डिकीत ठेवून आणणं म्हणजे तपासणी वाया घालवणं. शिबिर हिवाळ्यात घ्या. ते जमत नसेल तर उपकेंद्रावर फ्रीज आणि बर्फाचा डबा, आणि दोन-तीन दिवसांत लॅब.

दुर्बिणीआधी पोट साफ करायचं औषध नीट कसं घ्यायचं?

तयारी बिघडल्याने जेवढी सत्रं वाया जातात तेवढी बहुधा दुसऱ्या कशानेच जात नसतील. म्हणून जरा सविस्तर.

दोन-तीन दिवस आधीपासून चोथा बंद. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, मटकीची उसळ, टोमॅटो, पेरू, तीळ, शेंगदाण्याचा कूट नको. द्राक्षं आणि बेदाणेही नकोत, तासगावकरांनी राग मानू नये. साली आणि बिया स्कोपचं सक्शन तुंबवतात, मग डॉक्टरला दिसत काही नाही. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, दही, अंडं, साल काढलेला बटाटा, इडली चालते. लोहाच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी बंद, त्यांनी आतलं सगळं काळं होतं.

आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ पदार्थ: नारळपाणी, लिंबू-साखर-मीठ पाणी, डाळीचं गाळलेलं निवळ, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नको, आत लाल दिसलं की रक्त की कोकम हा घोळ होतो.

पीईजीचं (पोट साफ करायच्या पावडरीचं) बहुतेक पाकीट 2 लिटर पाण्यात विरघळवायचं असतं. एकूण किती लिटर प्यायचं ते डॉक्टर सांगतील. अर्धं संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या दिवशी सकाळी. दर 10–15 मिनिटांनी एक ग्लास. गार करून प्यायलं तर चव सुसह्य होते. सगळं आदल्या रात्री संपवू नका. सकाळचा हप्ता चुकला की आतड्याची उजवी बाजू घाण राहते, आणि सपाट पॉलिप नेमके तिथे असतात.

पाटण किंवा जावळीहून एसटीने येणाऱ्याला सकाळची वेळ देणं चूक आहे. त्याला दुपारी दोनची वेळ द्या: सहा ते आठ औषध, दहापर्यंत घरी, साडेदहाला निघून साडेबाराला दवाखान्यात. पाणी बारापर्यंत, मग काही नाही. वय जास्त असेल, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर आदल्या दिवशी दाखल करून घ्या.

शौच शेवटी लघवीसारखं पिवळसर आणि पारदर्शक व्हायला हवं. डॉक्टर आतड्याच्या तीन भागांना 0 ते 3 गुण देतात, प्रत्येकाला किमान 2 पडले तर तयारी पुरेशी. रिपोर्टवर हे गुण नसतील तर मागून घ्या.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. बंद करू का?

मनाने नाही. ॲस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन किंवा नव्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या हे हृदयाच्या डॉक्टरला विचारून ठरतं, आणि स्टेंट नवा असेल तर दुर्बीणच पुढे ढकलतात. तारीख देणाऱ्या माणसाने हा प्रश्न फोनवरच विचारायला हवा. टेबलावर झोपल्यावर कळलं की सत्र गेलं.

पॅथॉलॉजीवर काय परिणाम होतो?

काम रुग्णांच्या संख्येने वाढत नाही, डब्यांच्या संख्येने वाढतं. वेगवेगळ्या जागचा पॉलिप वेगळ्या डब्यात, 10 टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये, नमुन्याच्या दहापट द्रव. 29 कोलोनोस्कोपीत निम्म्यांना सरासरी दोन पॉलिप निघाले तरी 29 डबे, तेवढे किंवा जास्त ब्लॉक (मेणात बसवलेले नमुने), आणि तळाचा कट नीट दिसण्यासाठी जादा सेक्शन (त्यांचे पातळ काप). ते एकाच आठवड्यात आले तर एक पॅथॉलॉजिस्ट असलेल्या लॅबमध्ये स्तनाच्या आणि तोंडाच्या बायॉप्सीही मागे पडतात. म्हणून यादी सहा आठवड्यांवर पसरवा. डब्यावर ‘कोलन पॉलिप’ एवढंच लिहू नका. जागा, मिलिमीटरमध्ये आकार, अख्खा निघाला की तुकड्यांत, हे लिहिलं नाही तर पुढची तपासणी कधी हे ठरवताच येत नाही.

सीटी, एमआरआय?

यांच्यावर भार तुलनेने कमी येतो. कॅन्सर निघाला तर छाती, पोट, ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी, गुदाशयाचा असेल तर ओटीपोटाचा एमआरआय. आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी. दुर्बीण टोकापर्यंत गेली नाही तर सीटी कोलोनोग्राफीचा पर्याय असतो, पण तो वाचायला सवयीचा रेडिओलॉजिस्ट लागतो.

एकदा शिबिर झालं की काम संपलं ना?

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. 10 मिलिमीटर किंवा मोठा ॲडिनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप), किंवा पाच ते दहा छोटे निघाले तर तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण. एक-दोन छोटे निघाले तर अमेरिकेच्या सल्ल्याप्रमाणे सात ते दहा वर्षांनी. म्हणजे दरवर्षी शिबिर घेणाऱ्याच्या चौथ्या वर्षाच्या यादीत पहिल्या वर्षाचे लोकही असतात. छोट्या पॉलिपवाल्यांना सवयीने दरवर्षी बोलावणं बंद केलं तर बऱ्याच जागा मोकळ्या होतील.

मला मूळव्याध आहे. पॉझिटिव्ह त्याचंच असणार ना?

असेलही. पण मोड आहेत म्हणून वर काही नाही, असं होत नाही. पुन्हा फिट करून निगेटिव्ह आली की सोडून देणं हीसुद्धा चूक आहे, कारण गाठीतून रोज रक्त येत नाही. युरोपातल्या कार्यक्रमांत पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांत कॅन्सर निघणारे एक आकडीच असतात. घाबरायचं कारण नाही, पण दुर्बीण करा.

निगेटिव्ह आली. आता निश्चिंत?

एका फेरीत फिट साधारण पाचांपैकी चार कॅन्सर पकडते. मोठे पॉलिप निम्म्याहूनही कमी. म्हणून ती दर एक-दोन वर्षांनी करायची असते. लक्षणं असतील तर निगेटिव्ह कागद बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

घरात कोणाला हा कॅन्सर झाला असेल तर?

मग फिट नको, थेट कोलोनोस्कोपी. आई-वडील, सख्खे भाऊ-बहीण किंवा मूल यांपैकी कोणाला साठीच्या आत झाला असेल तर वयाच्या 40 व्या वर्षी, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा, आणि मग दर पाच वर्षांनी. आपल्या भागात स्क्रीनिंगवर मोजके पैसे असतील तर आधी इथे घाला. कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांची यादी दवाखान्याकडे सहज तयार होते.

महात्मा फुले योजनेत दुर्बीण बसते का?

योजना उपचाराच्या पॅकेजभोवती आहे, नुसत्या स्क्रीनिंगसाठी नाही. कॅन्सर निघाल्यावर ऑपरेशन, केमोथेरपी, रेडिएशनसाठी ती उपयोगी पडते. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी भेटा. शिबिर घेणाऱ्यांनी किटच्या खर्चाबरोबर दुर्बिणीचा आणि बायॉप्सीचा खर्च कोण देणार हे पत्रकावरच छापावं.

नोंद कशी ठेवावी?

महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, एक वही किंवा एक्सेल पुरे. रकाने: किट दिल्याची तारीख, परत आल्याची, आकडा एककासह, रुग्णाला कळवल्याची, दुर्बिणीची दिलेली आणि झालेली तारीख, तयारीचे गुण, सीकम गाठला का, बायॉप्सीचा निकाल, तो रुग्णाच्या हातात पडल्याची तारीख, पुढची तपासणी. रिकामा रकाना लाल करा आणि दर सोमवारी लाल रकान्यांना फोन. मोबाइल नंबर दोन घ्या. शिबिरात दिलेला नंबर पुष्कळदा नातवाचा असतो आणि तो पुण्याला असतो, म्हणून दुसरा नंबर गावातल्या माणसाचा किंवा आशाताईंचा.